नववं वर्तुळ

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मामीनं उचलला आणि "ते झोपलेत" म्हणाली. सकाळी अकराला? मोजणी खात्यात असताना पहाटे दुर्बीण खांद्यावर टाकून निघणारा माणूस, आणि आता ही तऱ्हा! असो, पत्र तरी झोपणार नाही, म्हणून लिहिते. शिवाय आकृती काही फोनवर दाखवता येत नाही.

आमच्या इथल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत, भिंतीत वरच्या बाजूला एक गोल खिडकी आहे. गेल्या वर्षीच्या वादळात ती पार फुटली. तेव्हापासून तिथे प्लायवूड ठोकलंय आणि बिचारी माणसं भरदिवसा दिवे लावून वाचतात. नवी रंगीत काचेची खिडकी करायचं काम मला मिळालंय. आजवर मी दारांची तावदानं केली, दिव्यांच्या शेड केल्या, पण एवढं मोठं काम पहिलंच. नक्षीही माझीच पसंत पडली आणि तिथेच फसले.

नक्षी अशी: लोखंडी कड्याच्या आत नऊ सारख्या गोल काचा. प्रत्येक गोल कड्याला टेकलेला आणि दोन्ही शेजाऱ्यांनाही टेकलेला. मध्ये एक मोठा गोल, तो नऊच्या नऊंना टेकलेला. कागदावर हातानं काढलं तेव्हा फार देखणं दिसलं. आता मापानं काढायला बसले तर जमेना. अंदाजानं गोल काढते, आठ झकास बसतात आणि नववा एकतर चेंगरतो नाहीतर त्याच्या बाजूला बोटभर फट राहते. चार दिवस कंपास घेऊन झटतेय. कड्याचा आतला व्यास एकशेवीस सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या साठ. लहान गोलाची त्रिज्या किती घ्यायची, एवढंच सांगा.

वीस एप्रिलला अभ्यासिका पुन्हा उघडायची ठरलीय. भिंतीतलं कडं आमच्या इथल्या लोहारानं बसवून दिलंय. साठीचा माणूस आहे, बोलणं मोजकं, काम चोख. आता सगळं माझ्यापाशी अडलंय.

तुम्ही रागावणार हे माहीत आहे. "शाळेत असताना लक्ष दिलं असतंस तर" इथून सुरुवात होईल. रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची
बारकी


१५ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. माझ्या उजव्या अंगठ्याला जरा कापलंय, म्हणून मामीकडून लिहून घेतोय. अक्षर तिचं आहे, काळजी करू नकोस.

तू गोल काढत बसलीस तिथेच चुकलीस. आधी गोल विसर आणि त्यांचे मध्यबिंदू बघ. मोठ्या वर्तुळाच्या मध्यबिंदूपासून शेजारशेजारच्या दोन लहान वर्तुळांच्या मध्यबिंदूंपर्यंत दोन रेघा ओढ. घेराच्या फ्रॉकची एक कळी कापल्यासारखा आकार दिसेल. पूर्ण फेरी तीनशे साठ अंशांची आणि कळ्या नऊ, म्हणजे एका कळीचं टोक चाळीस अंशांचं.

आता ती कळी मधोमध दुमड. दोन काटकोन त्रिकोण झाले. टोकाशी वीस अंश. त्याच्या समोरची बाजू म्हणजे लहान गोलाच्या मध्यबिंदूपासून दोन गोल टेकतात त्या जागेपर्यंतचं अंतर, म्हणजे लहान त्रिज्याच. आणि सगळ्यात लांब बाजू, कर्ण, म्हणजे साठातून लहान त्रिज्या वजा केली की उरते ती, कारण लहान गोल कड्याला आतून टेकलाय.

समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, एवढं तुला आठवत असेल. नसेल तर आता आठव. तक्त्यात बघून साइन मांडला ०.३५८४. साठाला त्यानं गुणायचं आणि एक अधिक ०.३५८४ नं भागायचं. उत्तर १५.८३ सेंटिमीटर.

काच कापण्याआधी पुठ्ठा कापून बघ. कापड असो की काच, एकदा कात्री चालली की माघारी येत नाही.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझा
मामा


२ मार्च

प्रिय मामा,

अंगठा बरा झाला का? तुमचं पत्र वाचून मी थक्क झाले. जन्मात तुम्ही मला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं! ती कळी दुमडायची गोष्ट वाचली आणि शाळेत दोन वर्षं जे डोक्यावरून गेलं, ते पाच मिनिटांत आत शिरलं.

पण मामा, नववा बसत नाही.

पुठ्ठ्याचे नऊ गोल कापले, १५.८३ त्रिज्येचे, अगदी केसाचाही फरक नाही. वाचनालयात शिडीवर चढून चिकटपट्टीनं एकेक कड्यात बसवत गेले. आठ झाले आणि नवव्याला जागाच उरली नाही. खाली ग्रंथपालबाई मान वर करून उभ्या, लोहार काच धरून ठेवणाऱ्या पकडींची जागा बघायला आलेला.

मग मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी शिडीवरूनच म्हणाले, "तुमचं कडं लहान झालंय."

तो म्हणाला, "एकशेवीस आहे."

"असेल तर हे बसायला हवं होतं."

"कडं माझं आहे. गणित कुणाचं आहे?"

"माझ्या मामांचं. चाळीस वर्षं जमिनी मोजल्यात त्यांनी. ते चुकत नाहीत."

त्यानं मला खाली यायला सांगितलं, स्वतः शिडीवर चढला आणि ग्रंथपालबाईंना आकडे ऐकू जातील असं मोठ्यानं वाचत तीन बाजूंनी कडं मोजलं. एकशेवीस, एकशेवीस, एकशेवीस. उतरला, टेप माझ्या हातात ठेवली आणि निघून गेला. त्याला आठ दिवस झाले. पकडी त्याच्याकडेच व्हायच्यात आणि पकडींशिवाय खिडकी उभी राहणार नाही. निरोप पाठवला तर "बघू" एवढंच उत्तर.

चूक कुठे आहे? मी मापं लिहिताना काही गोंधळ केला का? तुमचं चुकलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. तेवढं तपासून लवकर कळवा.

तुमची
बारकी


९ मार्च

बारके,

हे पत्र मामीचं आहे. आधीचंही माझंच होतं. चूकही माझीच आहे. तो लोहार बरोबर, कडं बरोबर, तू बरोबर.

आता सगळं सांगते, मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मागच्या ऑक्टोबरात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा ओढतो आणि बोलणं अडलं. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणतात हळूहळू सुधारेल. पण ह्यांनी मला खुणेनं शपथ घातली की कुणाला कळवायचं नाही. बोबडं बोलताना कुणी बघू नये म्हणून तुझे फोन मी "झोपलेत" म्हणून ठेवत राहिले. ते झोपलेले नसायचे. भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आता उठून बसतील. गणिताचं नाव काढलं की जेवणावरून उठणारा माणूस! मी पलंगापाशी बसून पूर्ण पत्र वाचून दाखवलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा, खरं सांगते, झटका आला त्या दिवशीही मला इतकी भीती वाटली नव्हती.

मग मी ते पत्र घेऊन शिवणयंत्रापाशी बसले. तुला "जमत नाही" लिहायला हात होईना. म्हटलं आपणच बघावं. ह्यांनी तीस वर्षं संध्याकाळी मुलांना गणित शिकवलं ते त्याच खोलीत, माझ्या यंत्राच्या पलीकडच्या टेबलावर. मुलं एकदा ऐकायची, मी दरवर्षी ऐकायची. अवघड भाग आला की मी पाय थांबवायची, म्हणजे यंत्राचा आवाज नको. शाळा माझी सातवीत सुटली, पण घेराच्या कळ्या मी ह्याच हिशेबानं कापत आलेय. तेव्हा रीत मला सुचली आणि ती बरोबर आहे. फक्त तक्त्यात बघताना बोट एक ओळ खाली गेलं. वीस अंशांऐवजी एकवीसचा साइन उचलला.

हे मला कसं कळलं ते ऐक. तुझं दुसरं पत्र आलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. मी ह्यांच्यापाशी गेले आणि सगळं कबूल केलं, तुमच्या नावानं उत्तर लिहिलं, ते चुकलं, पोरगी एका भल्या माणसाशी भांडून बसली. माझा कागद आणि तक्त्याचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. वाटलं रागावतील. ह्यांनी कागद वाचला. परत पहिल्यापासून वाचला. माझ्याकडे असं बघितलं, जशी कुणी अनोळखी बाई घरात आलीय. मग डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, "चूक."

पाच महिन्यांत पहिला स्पष्ट शब्द, आणि तो हा! मी हसायला लागले, मग रडायला लागले, मग ह्यांनाही हसू फुटलं. तोंड वाकडं होतं हसताना, पण हसले.

खरा आकडा ०.३४२०. लहान त्रिज्या १५.२९. मधला मोठा गोल म्हणजे साठातून तिची दुप्पट वजा करून २९.४२.

लोहाराला माझ्याकडून माफी माग. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव.

मामी


१४ मार्च

मामी,

पत्र वाचलं आणि कामाच्या टेबलावर डोकं ठेवून बसून राहिले. रागही आला, खोटं कशाला बोलू. पाच महिने! तू एकटीनं उचलबसव केलीस, औषधं केलीस, आणि मी इकडे फोनवर "मामा आळशी झालेत" म्हणून हसत होते. मामांना सांग, ते बोबडं बोललेले मला चालतील. मीही त्यांच्यासमोर कित्येक वर्षं गणितात बोबडंच बोलत होते, त्यांनी ऐकून घेतलंच ना?

आणि तुझ्याबद्दल काय बोलू? मी तुझ्याकडे बटणं लावायला यायची आणि मामांकडे गणित विचारायला. कधी मनातही आलं नाही की उलटंही चाललं असतं. म्हणजे बटणांचं सोड, मामांना ते जमलं नसतं.

लोहाराकडे गेले. भट्टी चालू होती. मी सरळ म्हणाले, "कडं बरोबर होतं. गणित चुकलं होतं. सगळ्यांसमोर बोलले, चुकलं माझं." त्यानं हातोडा ठेवला. "मामा चुकले?" "मामा नाही, मामी. सातवी शिकलेल्या माझ्या मामीनं तक्ता बघून हे काढलंय आणि एकच ओळ चुकली." त्यानं कागद मागितला. तुझं ते कळी दुमडायचं पत्र त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? आयुष्यभर मी जाळ्यांचे गोल ठोकून ठोकून बसवतोय." पत्राची नक्कल करून घेतली त्यानं. पकडी सुरू केल्यात.

पुठ्ठ्याचे नवे गोल बसले मामी! नऊच्या नऊ. शेवटचा आत सरकला तेव्हा टक्क असा बारीक आवाज आला. मधलाही बसला. काचांच्या कडेला गुंडाळायच्या शिशाच्या पट्टीची जाडी मी माझी वजा करीन, तो माझा धंदा.

आता लोभ सुटलाय. शेजारचे दोन गोल आणि मधला मोठा गोल, ह्या तिघांच्या मध्ये एक तिकोनी फट राहते. अशा नऊ. तिथे नुसतं शिसं भरलं तर काळे डाग दिसतील. प्रत्येक फटीत लाल काचेची एक टिकली बसवायची आहे, तिन्ही गोलांना टेकलेली. तिची त्रिज्या किती? हे मामांना विचारू की तुला, कळत नाही. दोघांना विचारते.

बारकी


२६ मार्च

बारके,

दोघांचं उत्तर घे. लिहितेय मी.

तुझा प्रश्न वाचल्यावर ह्यांनी "हं" म्हटलं आणि उठायला लागले. पलंगावरून टेबलापर्यंत यायला काठी आणि मी मिळून दहा मिनिटं लागली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत आले.

ह्या वेळी माझं साइनवर भागेना. त्रिकोण होता पण काटकोन नव्हता. त्यासाठी कोसाइनचं सूत्र लागतं, आणि ते ह्यांच्या शिकवण्यांत यायचं तेव्हा मी बहुतेक स्वयंपाकघरात असायचे. तीन दिवस ह्यांनी मला शिकवलं. एका वेळी एक शब्द. "बाजू." "वर्ग." "वजा." मी चुकले की "चूक" मात्र अगदी स्पष्ट, त्याचा सराव जास्त झालाय.

टिकलीच्या त्रिज्येला क्ष म्हटलं. मोठ्या वर्तुळाचा मध्यबिंदू, एका लहान गोलाचा आणि टिकलीचा, असा त्रिकोण घेतला. मध्यावर पुन्हा वीसच अंश. समीकरण मांडलं तेव्हा त्यात क्ष वर्ग आला आणि मी पेन्सिल खाली ठेवली. पण दोन्ही बाजूंना एकेक होता, दोघे एकमेकांना घेऊन गेले. खाली साधा हिशेब उरला. तेव्हा मी टाळी वाजवली. ह्यांनी विचारलं, "काय?" मी म्हटलं, "गेले ना दोघं!" तर म्हणाले, "जातात." जणू काही ह्यांनीच पाठवले.

उत्तर २.८४ सेंटिमीटर. तक्ता दोघांनी दोनदा बघितला. शिवाय मी जुनी चादर जमिनीवर अंथरून खडूनं पूर्ण मापाची खिडकी आखली आणि अस्तराच्या कापडाचे सगळे गोल कापून मांडले. टिकल्या लाल सॅटिनच्या. हे खुर्चीवरून पाहत होते. शेवटची टिकली मी ह्यांच्या डाव्या हातात दिली, आणि त्यांनी वाकून ती ठेवली.

फोन करत जा. आता "झोपलेत" म्हणणार नाही. बोलायला वेळ लागतो, तेवढं थांबायचं.

मामी


१८ एप्रिल

प्रिय मामा आणि मामी,

काल खिडकी चढली. सहा माणसं, दोन शिड्या, एक दोरखंड. लोहारानं पकडी आवळल्या आणि कुठे कानस मारावी लागली नाही. बाहेरचे नऊ गोल मी फिक्या निळ्या काचेचे केलेत, मधला मधासारखा पिवळा, आणि टिकल्या लाल. प्लायवूड काढलं तेव्हा अभ्यासिकेत बसलेल्या एका आजोबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि दिवा बंद करायला उठले.

परवा अभ्यासिका उघडतेय. तुम्हाला प्रवास झेपेल का? अभ्यासिका तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. परवा नाही जमलं तर पुढच्या महिन्यात या, पण या. लोहारही विचारत होता की "त्या बाई" येणार का, त्याला गोल जिन्याचं काहीतरी विचारायचंय.

बारकी


२१ मे

बारके,

आम्ही सुखरूप पोहोचलो, त्याला दोन आठवडे झाले. तुझ्याकडे चार दिवस कसे गेले कळलं नाही. तिथे सगळ्यांच्या देखत मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

ग्रंथपालबाईंनी "गणित कुणी केलं?" असं विचारलं तेव्हा तू माझं नाव घेतलंस, आणि हे लगेच म्हणाले, "माझ्या बायकोनं." तीन शब्दही नाहीत पूर्ण, पण मी तुझ्या त्या निळ्या उजेडात उभी होते आणि कुठे बघावं ते कळेना. लोहारानं जिन्याचा कागद पुढे केला म्हणून वाचले.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं... ऐकत होतीस?" मी म्हटलं, "हो." "मला का... नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही शिकवत होतात, मध्ये कसं बोलायचं?" घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नवी वही होती. शेजारच्यांना सांगून आणवली होती. पहिल्या पानावर डाव्या हातानं, कोंबडीचे पाय उमटावेत तसं लिहिलं होतं, "धडा १". मी म्हटलं, "धडा एक मला येतो." म्हणाले, "तपासू." तपासला. एक चूक निघाली, ती त्यांची होती. अर्धा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. औषधं मात्र गुपचूप घेतली.

आता ऐक. शेजारच्या इमारतीत दोघी बहिणी राहतात, एक दहावीला, एक बारावीला. ह्यांची शिकवणी बंद झाल्यापासून त्यांचं अडलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांच्या आईनं जिन्यात विचारलं, तुम्ही बघाल का थोडं? मी म्हटलं, मी? ती म्हणाली, चादरीवरच्या खिडकीची गोष्ट सगळ्या इमारतीला माहीत आहे. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी टेबलाची दुसरी बाजू काठीनं दाखवली, जिथे स्वतः बसायचे ती.

सोमवारपासून येतात दोघी. मी शिकवते, हे पलीकडे यंत्रापाशी बसून ऐकतात. पहिल्या दिवशी दार वाजलं तेव्हा माझे हात कणकेत होते. हेच काठी टेकत गेले. दारातून थोरलीचा आवाज आला, "बाई आहेत का?"

ह्या घराच्या दारात तीस वर्षं "सर आहेत का?" असंच विचारलं गेलंय. मला वाटलं, आता ह्यांना कसं वाटेल! कणकेचे हात तसेच घेऊन मी उभी राहिले.

हे म्हणाले, "आहेत." मग जरा थांबले, पुढचा शब्द जुळवला आणि म्हणाले, "हात धुतायत. बसा."

मामी